‘अनसॉल्व्ड मिस्टरीज’ : खून आणि भुतं एकाच पंगतीत का?

केवडा

सध्या रोज रात्री ‘अनसॉल्व्ड मिस्टरीज’चे जुने भाग यूट्यूबवर बघतेय. नेटफ्लिक्सवरची नवी मालिका आधीच पाहिली होती, पण रॉबर्ट स्टॅकचे भाग बघितल्यावर कळलं की मूळ प्रकरण वेगळंच आहे. तो ओव्हरकोट, ते धुकं, तो खर्जातला आवाज आणि सुरुवातीची ती धून! भर दुपारी ऐकली तरी अंगावर काटा येतो.

ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती. १९८७ मध्ये अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर विशेष भागांच्या रूपात हा कार्यक्रम सुरू झाला. पहिला सूत्रधार रेमंड बर, त्यानंतर कार्ल माल्डन आणि मग स्टॅक. ऑक्टोबर १९८८ पासून तो दर आठवड्याला लागू लागला. १९९७ मध्ये सीबीएसकडे गेला, पुढे लाइफटाइम वाहिनीवर २००२ पर्यंत चालला. २००३ मध्ये स्टॅक गेले. २००८ ते २०१० डेनिस फरिना सूत्रधार होते आणि २०२० पासून नेटफ्लिक्स. जॉन कॉसग्रोव्ह आणि टेरी डन म्युरर ही निर्माती जोडी मात्र सुरुवातीपासूनची.

आता मुद्दा. जुन्या भागांत एका तासात चार-पाच गोष्टी असतात. हरवलेल्या मुलीची आई कॅमेऱ्यासमोर बोलतेय, तिला धड बोलताही येत नाहीये. जाहिराती संपतात आणि लगेच झपाटलेलं घर, किंवा शेतावर उतरलेली उडती तबकडी. सूत्रधार तोच, संगीत तेच, प्रकाशयोजनाही तीच. मला हे फार खटकतं. खरा गुन्हा आणि भुताटकी एकाच कार्यक्रमात असावी का? तुम्हाला काय वाटतं?

धूमकेतू

मला नाही खटकत. कार्यक्रमाचं नावच ‘न उलगडलेली गूढं’ आहे. ‘फक्त गुन्हे’ असं त्यांनी कधी म्हटलंच नाही. फरार आरोपी, बेपत्ता माणसं, संशयास्पद मृत्यू, स्मृती गेलेली माणसं, ताटातूट झालेली भावंडं, वारस न सापडलेली इस्टेट, हे सगळं त्यात होतं. भुतं हा त्यातला एक कोपरा.

आणि एक विसरू नका. सुरुवातीलाच निवेदन असायचं की शक्य तिथे खरे कुटुंबीय आणि खरे पोलीस अधिकारी नाट्यरूपांतरात सहभागी झाले आहेत आणि ही बातमी नव्हे. म्हणजे त्या आईला माहीत होतं ती कुठे बोलतेय.

सावली

@धूमकेतू, माहीत असणं आणि दुसरा पर्याय असणं यात फरक आहे. यावर सविस्तर लिहायचंय, रात्री लिहिते.

मिशीवाला

मी १९९० च्या आसपास शिकायला मिशिगनला होतो. बुधवारी रात्री हॉस्टेलच्या दिवाणखान्यात गर्दी व्हायची. हल्लीच्या प्रेक्षकांच्या लक्षात येणार नाही अशी एक गोष्ट सांगतो. तेव्हा पडद्यावर फोन नंबर यायचा आणि लोक खरोखर फोन करायचे. एखादा चेहरा ओळखीचा वाटला की तिथल्या तिथे चर्चा सुरू, ‘हा त्या पेट्रोल पंपावरचा तर नव्हे?’ बघणारा नुसता बघत नव्हता, शोधत होता. आणि सगळ्यात जास्त टाळ्या कशाला पडायच्या? ‘अपडेट’ अशी पाटी आली की! जुन्या प्रकरणातला माणूस सापडला.

केवडा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला यातच दिसतं. भुताच्या गोष्टीला अपडेट कधी येत नसे.

बोरन्हाण

शेवटचं वाक्य भारी. +१

तर्कशुद्ध

मिशीवाला यांनी नेमक्या जागी बोट ठेवलंय. त्यालाच जोडून लिहितो.

गुन्ह्याच्या प्रकरणात प्रेक्षकाचा फोन तपासता येतो. ‘हा माणूस अमुक गावात अमुक नावानं राहतो’ म्हटलं की पोलीस जातात, बोटांचे ठसे जुळतात किंवा जुळत नाहीत. खोटा फोन तिथेच संपतो. तबकडीच्या प्रकरणात तसं होत नाही. तिथे प्रत्येक फोन गोष्टीत भर घालतो.

रॉझवेलचं बघा. १९४७ मध्ये अमेरिकेतल्या या गावाजवळ काहीतरी कोसळल्याचे अवशेष सापडले आणि ते परग्रहावरच्या यानाचे असल्याचा दावा झाला, ती घटना. १९८९ मध्ये या कार्यक्रमानं ती दाखवली, पुढच्या वर्षी भाग पुन्हा लागला आणि एका माणसाचा फोन आला की मी लहानपणी कोसळलेलं यान आणि परग्रहवासी प्रत्यक्ष पाहिले. त्याच्या भरवशावर लोकांनी बरंच लिहिलं. नंतर त्याच्या पुराव्यांत अशा गडबडी निघाल्या की तबकड्यांवर विश्वास ठेवणाऱ्या अभ्यासकांनीही त्याला सोडून दिलं. १९९४ मध्ये अमेरिकी हवाई दलानं अहवाल दिला की ते अवशेष ‘प्रोजेक्ट मोगल’च्या फुग्यांचे होते. सोव्हिएत अणुचाचण्यांचा आवाज वरच्या वातावरणात टिपण्यासाठी ते गुप्तपणे सोडले जात होते. हे उत्तर मला तर तबकडीपेक्षा जास्त रंजक वाटतं. शीतयुद्ध, गुप्तता, सगळं आहे त्यात!

माझा आक्षेप भुतांच्या असण्याला नाही. जी यंत्रणा गुन्ह्यात सत्याच्या जवळ नेते, तीच इथे लांब नेते. दोन्हींना एकच सूर लावला की बघणाऱ्याला हा फरक दिसेनासा होतो.

धूमकेतू

@तर्कशुद्ध, पण लोक टीव्हीसमोर बसायचे कशामुळे? मला तरी वाटतं, पाहणाऱ्यांतले कितीतरी भुतांसाठी बसायचे आणि बसले म्हणून फरार माणसाचा फोटो बघायचे. निर्मात्यांच्या म्हणण्यानुसार २६० हून जास्त प्रकरणं सुटली. त्यातला एखादा फोन झपाटलेल्या घराची वाट बघत बसलेल्या माणसानं केलेला असेलच ना?

गोगलगाय

आमच्या घरी तर भुताचा भाग लागला की सासूबाई चष्मा लावून पुढे सरकून बसतात आणि खुनाचा लागला की ‘बंद करा गं ते, माणसं फार वाईट’ म्हणतात. 😀 भुतांवर त्यांचा कसलाच राग नाही.

धूमकेतू

गोगलगाय, सासूबाईंना आमचा नमस्कार सांगा!

सावली

दुपारी म्हटल्याप्रमाणे लिहायला बसलेय.

आमच्या जवळच्या नात्यातला एक माणूस घरातून बाहेर पडला आणि परत आला नाही. बरीच वर्षं झाली. तपशील देत नाही. अशा घरात काय होतं, एवढंच सांगते. माणूस गेला असं म्हणता येत नाही, आहे असंही म्हणता येत नाही. दिवस घालायचे की वाट बघायची, हेच ठरत नाही. फोटोला हार घालायला हात धजत नाही. आणि प्रत्येक जण येऊन काहीतरी सांगतो. कुणाला स्वप्न पडलेलं असतं, कुणाच्या ओळखीचा कुणीतरी ‘बघून सांगणारा’ असतो. तुम्ही सुशिक्षित असा, विवेकी असा, तरी जाता. कारण न जाणं म्हणजे आपण शोध थांबवला असं वाटतं.

म्हणून धूमकेतू, ती आई कॅमेऱ्यासमोर बसते तेव्हा तिनं ‘निवड’ केली असं मी म्हणणार नाही. तिच्या मुलीचा चेहरा लाखो लोकांना दाखवायला कुणीतरी तयार आहे, एवढंच तिला दिसतं. पुढच्या-मागच्या गोष्टी भुताच्या असोत, तबकडीच्या असोत, ती हो म्हणणारच.

मला भुतांच्या गोष्टींचा त्रास नाही. मला त्रास होतो तो या कार्यक्रमातल्या अतींद्रिय शक्तीवाल्यांचा. काही भागांत बेपत्ता माणसाच्याच प्रकरणात ‘मला पाणी दिसतंय, जुनी इमारत दिसतेय’ असं सांगणारे आणलेत. तिथे दोन विषय नुसते शेजारी नाहीत, एकमेकांत घुसलेत. झपाटलेलं घर बघून कुणाचं काही जात नाही. त्या ‘पाणी दिसतंय’वर मात्र घरचे लोक रात्र-रात्र नदीकाठ धुंडाळतात.

बोरन्हाण

सावली, काय बोलू कळत नाही. लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार.

केवडा

सावली, हा फरक माझ्या प्रश्नात यायला हवा होता इतका महत्त्वाचा आहे. शेजारी असणं वेगळं आणि एकात एक मिसळणं वेगळं. आता जुने भाग बघताना हेच बघणार.

धूमकेतू

@सावली, ‘त्या आईला माहीत होतं’ हे म्हणणं मागे घेतो. तुमचं म्हणणं पटलं.

परीक्षानळी

मी जीवरसायनशास्त्रात काम करते. या कार्यक्रमाबद्दल बोलताना एक प्रकरण सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण आमच्या क्षेत्रात ते शिकवलं जातं.

१९८९, मिझूरी राज्य. पॅट्रिशिया स्टॉलिंग्ज नावाच्या बाईंचं तान्हं बाळ आजारी पडलं. रक्ताच्या तपासणीत एथिलीन ग्लायकॉल सापडल्याचा अहवाल आला, म्हणजे गाडीच्या अँटीफ्रीझमधलं विष. आईनंच विष घातलं असं ठरलं. बाळ गेलं आणि आईवर खुनाचा आरोप आला. त्या वेळी त्यांना पुन्हा दिवस गेले होते. दुसरा मुलगा बाई कोठडीत असतानाच झाला, त्यालाही त्यांच्यापासून दूर ठेवलं गेलं आणि त्याच्यात तशीच लक्षणं दिसू लागली. त्याला निदान झालं मिथाइलमॅलोनिक ॲसिडेमियाचं. या आनुवंशिक आजारात शरीराला काही अमिनो आम्लं नीट पचवता येत नाहीत आणि रक्तात घातक आम्लं साठत जातात. त्यातलं एक प्रोपिऑनिक आम्ल. तपासणीच्या आलेखावर त्याची खूण एथिलीन ग्लायकॉलच्या खुणेजवळ येते. मग मोठ्या भावाचंही तेच झालं नसेल कशावरून? ही शक्यता ज्यूरीपुढे धड आलीच नाही. जानेवारी १९९१ मध्ये बाईंना जन्मठेप झाली.

त्याच वर्षी मे महिन्यात ‘अनसॉल्व्ड मिस्टरीज’नं हे प्रकरण दाखवलं. त्यातून ते सेंट लुईस विद्यापीठातले जीवरसायनशास्त्रज्ञ विल्यम स्लाय यांच्यापर्यंत पोचलं. आनुवंशिक चयापचय विकार हा त्यांचा विषयच. त्यांनी आणि सहकारी जेम्स शूमेकर यांनी पहिल्या बाळाचं जपून ठेवलेलं रक्त पुन्हा तपासलं. येल विद्यापीठातले पिएरो रिनाल्डो यांनीही तपासलं. आजार तोच निघाला, विष नव्हतंच. सप्टेंबर १९९१ मध्ये आरोप मागे घेतले गेले आणि सरकारी वकिलांनी माफी मागितली.

एक आई निर्दोष असताना आयुष्यभर तुरुंगात राहिली असती. सुटली, कारण योग्य माणसापर्यंत गोष्ट पोचली. भुतांची जोड होती म्हणून त्या वेळी हा कार्यक्रम चालू होता असं कुणी म्हटलं, तर मी ती किंमत आनंदानं मोजीन.

तर्कशुद्ध

@परीक्षानळी, उत्तम प्रतिसाद. स्लाय यांनी केलं तेच मला म्हणायचंय. त्यांनी बघितलं, शंका घेतली, नमुना मागितला, तपासला.

गोगलगाय

आलेखावरच्या दोन खुणा जवळजवळ येतात म्हणून जन्मठेप! वाचून सुन्न झाले. परीक्षानळी, यावर वेगळा लेखच लिहा ना.

परीक्षानळी

लिहीन नक्की. वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे अहवाल कसे वेगळे येऊ शकतात, हाही त्यातला मोठा भाग आहे.

अबोली

थोडं अवांतर. १९९२ च्या एका भागात हॉलिवूडचा नट मॅथ्यू मॅकॉनहे आहे! तेव्हा त्याला कुणी ओळखत नव्हतं. १९७८ मध्ये टेक्ससमध्ये झालेल्या खुनाच्या नाट्यरूपांतरात खून झालेल्या तरुणाची भूमिका त्यानं केली होती. फरार आरोपी पुढे पनामात पकडला गेला.

आणि स्वतः स्टॅक ‘द अनटचेबल्स’ मालिकेत इलियट नेस या तपास अधिकाऱ्याच्या भूमिकेमुळे आधीच प्रसिद्ध होते. लोकांना त्यांचा आवाज ‘तपास अधिकाऱ्याचा’ वाटायचा तो त्यामुळेही असेल. फरिना तर खरोखरच शिकागोत १८ वर्षं पोलिसात होते, मग नट झाले.

मिशीवाला

अबोली, फरिनांचे भाग मात्र बरेचसे जुनेच, नव्या निवेदनासह जोडलेले होते. माणूस अस्सल, पण स्टॅकची सर नाही आली.

बोरन्हाण

अवांतरात माझीही भर. ओहायोतलं सर्कलव्हिल. १९७६ पासून गावातल्या लोकांना निनावी पत्रं यायची, प्रत्येकाच्या खाजगी गोष्टी लिहिलेली. एकाला शिक्षा होऊन तो तुरुंगात गेला तरी पत्रं थांबली नाहीत. आणि कार्यक्रमाची मंडळी हे चित्रित करायला निघाली तर त्यांनाच पोस्टकार्ड आलं, सर्कलव्हिल विसरा म्हणून धमकी देणारं! यात भूत नाही, तबकडी नाही, आणि मला आजवर सगळ्यात जास्त भीती याचीच वाटलीय.

गोगलगाय

हे आज रात्री सासूबाईंना दाखवणार. बघू काय म्हणतात.

केवडा

अवांतर चालू द्या, मजा येतेय. पण नेटफ्लिक्सच्या मालिकेबद्दल कुणीच बोललं नाही. तिथे सूत्रधार नाही, एका भागात बहुतेक एकच प्रकरण. म्हणजे माझी ‘लगेच भूत’वाली तक्रार तिथे निम्मी मिटते. शीर्षकाच्या शेवटी स्टॅकची पुसट आकृती तेवढी दिसते.

अबोली

मला तीच जास्त आवडते. जवळच्या माणसांना बोलायला वेळ मिळतो. बाल्टिमोरच्या बेल्व्हेडेअर इमारतीत मृत सापडलेल्या माणसाचा पहिला भाग बघून मी झोपलेच नव्हते.

उपयोगही होतो. कॅन्ससमधल्या ला सिन गावाजवळ २००४ मध्ये एका पार्टीनंतर तरुण बेपत्ता झाला होता, त्याच्यावर पहिल्याच खंडात भाग होता. २०२० मध्ये एफबीआयनं मृतदेह उकरून पुन्हा तपासला आणि २०२१ मध्ये मृत्यू खुनामुळे झाल्याचं जाहीर केलं. तिसऱ्या खंडात पालकानंच पळवून नेलेल्या मुलांवर भाग होता. त्यातली इलिनॉयमधून २०१७ मध्ये नेलेली एक मुलगी २०२३ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या ॲशव्हिलमध्ये सापडली. एका दुकानात कुणीतरी ओळखलं आणि पोलिसांना कळवलं.

तर्कशुद्ध

अबोली, एक पुरवणी. कॅन्ससच्या प्रकरणात न्यायखातं भाग येण्याच्या आधीपासूनच पुन्हा लक्ष घालत होतं. त्यामुळे सगळं श्रेय कार्यक्रमाला देता येणार नाही. ॲशव्हिलचं मात्र निःसंशय प्रेक्षकाचं.

रानजाई

सगळा धागा वाचला. नेटफ्लिक्सचा दुसरा खंड कुणी पाहिलाय का? त्यात जपानमधल्या त्सुनामीवरचा भाग आहे. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीत १८,००० हून जास्त माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. त्यानंतर इशिनोमाकी भागातल्या लोकांना मृत माणसं दिसू लागली. तिथल्या टॅक्सीचालकांच्या गोष्टी जगभर गेल्या. प्रवासी गाडीत बसतो, आता जिथे काहीच उरलेलं नाही अशा ठिकाणचा पत्ता सांगतो आणि वाटेत मागची सीट रिकामी.

हा भाग बघताना मला ‘भूत असतं का’ हा प्रश्न पडलाच नाही. इतकी माणसं, त्यातली कित्येक सापडलीच नाहीत, निरोप नाही, अंत्यविधी नाही. सावली यांनी वर लिहिलंय ना, हार घालायला हात धजत नाही, तेच तिथे अख्ख्या किनाऱ्याचं झालं होतं. भुतांबद्दल असं बोलता येत असेल तर ती बेपत्ता माणसांच्या गोष्टींशेजारी बसायला माझी हरकत नाही. उलट तीच त्यांची जागा आहे.

सावली

रानजाई, तो भाग पाहिलाय. तुमच्याशी पूर्ण सहमत. तिथे कुणी कुणाला काही विकत नाही, घाबरवत नाही. त्या माणसांचं ऐकून घेतात फक्त.

मिशीवाला

तिसऱ्या खंडात मिशिगनचाही भाग आहे. ८ मार्च १९९४, मिशिगन सरोवराच्या काठच्या गावांतून शेकडो लोकांनी आकाशात दिवे पाहिले, ९११ या आपत्कालीन नंबरला फोनवर फोन गेले. मस्कीगनच्या हवामान कार्यालयात रडारवर बसलेल्या कर्मचाऱ्यालाही काहीतरी दिसत होतं आणि त्याचं बोलणं ध्वनिमुद्रित आहे. तर्कशुद्ध, यावर काय म्हणाल? इथे निदान एक नोंद तरी तपासण्याजोगी आहे.

तर्कशुद्ध

नोंद आहे हे मान्य, म्हणूनच तो भाग मला इतरांपेक्षा बरा वाटला. रडारवर वातावरणातल्या तापमानाच्या थरांमुळेही भलत्या जागी ठिपके दिसतात. त्या रात्री तसंच झालं असं मी म्हणत नाही, पण तो प्रश्न त्या भागात एखाद्या हवामानतज्ज्ञाला नीट विचारायला हवा होता. विचारला असता तर गूढ कमी झालं नसतं.

धूमकेतू

यावर तर मीही सहमत. तर्कशुद्ध आणि मी सहमत, तारीख लिहून ठेवा!

केवडा

माझं मत आता असं झालंय. एका कार्यक्रमात दोन्ही असायला माझी हरकत नाही. दोन गोष्टी मात्र नकोत. एक, बेपत्ता माणसाच्या प्रकरणात ‘मला दिसतंय’ म्हणणाऱ्यांना जागा देणं. दोन, तबकडीच्या गोष्टीत तपासणारा एकही माणूस न बोलावणं. नेटफ्लिक्सवाले पहिल्या बाबतीत बरेच सुधारलेत, दुसऱ्या बाबतीत नाही.

धूमकेतू

पहिलं मान्य. दुसऱ्यावर थोडी सूट द्या हो, प्रत्येक वेळी तज्ज्ञ आणून बसवला तर रात्री दिवा बंद करून बघायचं कशाला?

परीक्षानळी

@धूमकेतू, स्टॉलिंग्ज प्रकरणात शेवटी तज्ज्ञच आले आणि मी तो भाग दिवा बंद करूनच बघितला. अजिबात कमी परिणाम होत नाही.

अबोली

डी. बी. कूपरबद्दल इथे कुणीच बोललं नाही याचं आश्चर्य वाटतंय! १९७१ मध्ये विमान पळवून २,००,००० डॉलर घेऊन पॅराशूटनं उडी मारणारा. सुरुवातीच्याच भागांत होता तो. १९८० मध्ये कोलंबिया नदीकाठी एका मुलाला त्यातले ५,८०० डॉलर सापडले आणि २०१६ मध्ये एफबीआयनं सक्रिय तपास थांबवला. यात खूनही नाही आणि भूतही नाही, मग याला कुठे बसवायचं?

केवडा

अबोली, कूपरचा वेगळा धागा काढा. इथे सुरू केलं तर पॅराशूटवरच शंभर प्रतिसाद होतील. काढलात की दुवा इथे द्या, मी येतेच.